भिंतीवरचे अकरा

शाळेत दोन गोष्टी आपोआप साठतात: फुटक्या पाट्या आणि किस्से. पाट्या जडसंग्रहात, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, चढलेल्या असतात. वरून मंजुरी आल्याविना त्या फेकता येत नाहीत. किस्से कुठेच नोंदलेले नसतात, म्हणून तेही फेकता येत नाहीत! निवृत्त झालो तेव्हा पाट्या शाळेत राहिल्या, किस्से माझ्याबरोबर घरी आले. त्यांतले एकाच उन्हाळ्याचे हे काही.

नामांतराची ती वर्षे. विद्यापीठाचे नाव काय असावे यावर पारावर रोज वाद रंगत. शाळेची वेळ काय असावी यावर मात्र कुणी अवाक्षर काढत नसे. आमची शाळा झरीच्या पलीकडे एका गावात होती. चार खोल्या, वर पत्रे. मुख्याध्यापक माणिकराव, निवृत्तीला तीन महिने उरलेले. मी त्यांचा सहायक. पाठशाळेत शिकलो होतो, म्हणून गाव मला शास्त्रीबुवा म्हणे आणि माणिकराव सारा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात घालत.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. ऊस वाळला, कारखान्यांचे गाळप लवकर आटोपले आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबे फाल्गुनातच गावी परतली. दिवाळीपासून रिकामी असलेली बाके भरली. परीक्षेला दोन महिने होते. तेवढ्यात ही मुले शिकली तर शिकली, नाहीतर वर्ष गेले. आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत पत्रे तव्यासारखे तापत. सकाळच्या शाळेचा हुकूम दरवर्षी ठरावीक तारखेला निघे. ऊन त्या तारखेसाठी थांबत नसे.

एका दुपारी दुसरीतली सखू बाकावरच कोसळली. पाणी मारून तिला शुद्धीवर आणले. संध्याकाळी तिची आई सुभद्राबाई आली.

"गुरुजी, फडावर लेकरं पाचटाच्या सावलीला तरी बसत व्हती. तुमच्या साळंत तेवढं बी न्हाई. उद्यापासून हिला पाठवायची न्हाई मी. आन् माझं बघून बाकीच्या बी पाठवायच्या न्हाईत!"

माणिकरावांनी आठ दिवसांची मुदत मागितली. बाईंनी ती दिली. पण बोटावर मोजून दिली.

*

तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाला पहिले पत्र मी लिहिले. ‘प्रखर उष्म्यामुळे विद्यार्थी ग्लान होत असून’ असा आरंभ होता. माणिकरावांनी वाचले आणि परत केले.

"शास्त्रीबुवा, शब्द लय गार हायेत. पुरावा पाहिजे."

पुरावा म्हणून त्यांनी आरोग्यसेविकेकडून थर्मामीटर मागून आणले. ते ताप मोजायचे आहे, हे मी सांगेपर्यंत त्यांनी ते दुसरीच्या वर्गातल्या बाकावर ठेवलेसुद्धा! घटकाभरात पारा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. माणिकरावांनी स्वतःच्या अक्षरात पत्र पाठवले: ‘इयत्ता दुसरीस एकशे आठ ताप आहे. सकाळच्या शाळेस परवानगी मिळावी.’

कार्यालयाचे उत्तर चौथ्या दिवशी आले. इतके त्वरित उत्तर मी पुऱ्या नोकरीत पाहिले नव्हते.

‘रुग्णाचे नाव कळवावे. थर्मामीटर जडसंग्रहात नोंदले आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा.’

*

उत्तराची वाट पाहण्याच्या काळात आम्ही दुसरीचा वर्ग कडुनिंबाखाली बसवला. सावली उत्तम, पण ती एका जागी राहत नाही, हा भूगोल आम्ही शिकवत असूनही विसरलो होतो. सावली सरके तशी मुले सरकत. तीनच्या सुमारास फळा घेऊन वर्गात जावे तर वर्ग गायब! शोधता शोधता पाढ्यांचा आवाज सरपंचांच्या गोठ्यातून आला. गव्हाणीला पाठ टेकून सारी दुसरी सुखाने बसली होती.

सरपंचांच्या मंडळी काशीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"गुरुजी, तुमची साळा माझ्या गोठ्यात आली. आता माझी म्हस तुमच्या वर्गात बांधू का?"

माणिकराव गंभीरपणे म्हणाले, "नका बांधू, बाई. पत्र्याखाली म्हशीचे हाल होतील!"

*

मग पत्र्यावर कडबा पसरण्याचे ठरले. सरपंचांनी दोन गाड्या कडबा दिला, पोरांच्या बापांनी तो चढवला आणि खोली खरोखरच निवली. परंतु दुष्काळाचे दिवस. गावात हिरवी काडी नव्हती. तिसऱ्या दिवशी मी शुद्धलेखन सांगत असता डोक्यावर धडधडाट झाला. शाळेमागच्या मातीच्या ढिगावरून पाच शेळ्या छतावर पोचल्या होत्या आणि आमची शीतलता चवीने चघळत होत्या.

मी काठी शोधू लागलो. माणिकराव म्हणाले, "राहू द्या. हजेरीवर घ्या त्यांना. रोज येतात, वेळेवर येतात, अन् वरच्या वर्गात बसतात!"

चार दिवसांत छत उघडे पडले. मुदतीचा एकच दिवस उरला.

*

त्या दिवशी कार्यालयाचे दुसरे पत्र आले: ‘सकाळची शाळा भरविता येणार नाही. शाळेची वेळ अकरा ते पाच अशीच राहील. उल्लंघन झाल्यास मुख्याध्यापक निलंबनास पात्र ठरतील.’

माणिकरावांनी ते तीनदा वाचले.

"शास्त्रीबुवा, तुमी शब्दांचे जाणकार. यात कुणाच्या घड्याळातले अकरा, ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग ठीक." ते स्टुलावर चढले, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाचे दार उघडले आणि काटे चार तास पुढे सरकवले.

"गुरुजी, नोकरी जाईल!"

"तीन महिन्यांची उरलीय. पोरांचं आख्खं वरीस जायलाय."

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात अकराचे ठोके पडले, शाळा भरली. पाचच्या ठोक्याला, माथ्यावर सूर्य असताना, सुटली. सुभद्राबाई सखूला स्वतः आणून सोडू लागल्या.

*

एक गोष्ट मात्र आमच्या हिशेबात नव्हती: सारे गाव शाळेच्या घंटेवर चाले. जेवण, औषध, विहिरीवरची पाळी, सगळे घंटेवर. सरपंचांचे वडील निवृत्तीआबा आठव्या दिवशी काठी टेकत आले.

"गुरुजी, वैद्याला दाखवावं म्हंतो. दुपारची झोपच लागंना. आडवं व्हावं, तर शेजारचं कोंबडं नुकतंच आरवलेलं असतंय!"

माणिकरावांनी त्यांना विश्वासात घेतले. आबांनी गावाला घेतले. मग शेतीची कामे सूर्यावर आणि बाकीची शाळेवर, अशी वाटणी झाली. एसटी कोणत्याच घड्याळाला बांधील नव्हती. तिला काही फरक पडला नाही.

*

कुणीतरी तक्रार केलीच. एके दिवशी विस्तार अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, न कळवता एसटीने उतरले. त्यांच्या मनगटावर बारा वाजले होते, आमच्या भिंतीवर चार.

"मुख्याध्यापक, किती वाजले?"

"चार, साहेब."

दारात जमलेल्या गावाकडे वळून त्यांनी तेच विचारले. सरपंच म्हणाले, "चार." काशीबाई म्हणाल्या, "चार." आबा म्हणाले, "सव्वाचार असतील!"

"माझ्या घड्याळात बारा आहेत!" साहेब गरजले.

माणिकरावांनी जडसंग्रहाची वही उघडून पुढे केली. "भिंतीवरचं हे घड्याळ इथं नोंदलेलं हाय, साहेब. तुमचं कुठं नोंदलंय?"

साहेबांनी हजेरीपट मागवला. ऊसतोडीच्या घरचे प्रत्येक नाव त्यांनी स्वतः पुकारले. प्रत्येक नावाला ‘हजर’ आले. शेवटी पहिल्या बाकावरच्या सखूला जवळ बोलावले.

"बाळ, खरं सांग. किती वाजले?"

सखूने भिंतीकडे पाहिले. "चार." मग दाराबाहेर पाहिले. "पण साहेब, ऊन बाराचं हाय."

दारात सुभद्राबाईंनी पदर तोंडाशी नेला. माणिकराव तेवढे शांत होते. खडूची भुकटी हातावरून झटकत होते.

साहेबांनी रुमालाने मान पुसली, मग पुन्हा पुसली. वर पत्र्याकडे पाहिले. पाचचे ठोके पडले, मुले हारीने घराकडे गेली. भेटवहीत अक्षर न लिहिता साहेबही एसटीकडे चालते झाले.

आठ दिवस माणिकराव निलंबनाची वाट पाहत होते. नवव्या दिवशी लाखेचा लिफाफा आला. "तुमीच वाचा, शास्त्रीबुवा," म्हणून त्यांनी तो माझ्या हाती दिला आणि डोळे मिटून घेतले.

मी मोठ्याने वाचले:

‘तालुक्यातील सर्व पत्र्याच्या शाळांना कळविण्यात येते की, शालेय घड्याळांत एकवाक्यता राहावी म्हणून त्यांनी आपापली घड्याळे झरीपलीकडील शाळेच्या घड्याळाशी तात्काळ जुळवून घ्यावीत. शाळेची वेळ अकरा ते पाच अशीच राहील.’