कारकून डावीकडे वळला होता

मास्तर,

तुम्हाला स्वतःला कसलाच वास येत नव्हता, हे मला वर्षभर कळलं नव्हतं. साबणाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं प्रत्येक नव्या वडीचा वास घेऊन ‘चालेल’ किंवा ‘परत पाठवा’ सांगायची तुमची नोकरी. निवृत्त होईपर्यंत नाक संपलेलं. हे कळलं तेही मी चहाचं दूध करपवलं आणि तुम्ही तो चहा मुकाट्यानं प्यायलात म्हणून.

“आणि तुम्ही कुत्र्यांना वास शोधायला शिकवता?” मी म्हणाले. “आंधळ्यानं चित्रकला शिकवावी, त्यातली गत!”

“उलट बरं आहे, बाई. मला काही कळत नाही, म्हणून मी मध्ये तोंड घालत नाही.”

छापखान्यामागच्या शेडमध्ये शनिवारी सकाळी तुमचा वर्ग भरायचा. रांगेत दहा खोकी. एकात भोकं पाडलेली डबी, डबीत लवंगेच्या तेलाचा कापूस. तो चिमट्यानंच ठेवायचा, कारण बोट लागलं तर कुत्रं लवंग सोडून बोटाचा माग काढतं. आमची कुत्री म्हणजे सोफ्यावर लोळणारी लाडोबा. त्यातली निम्मी तर खोक्यातच बसायची. तुमचा कुत्रा मात्र एकेक खोकं फाईल तपासावी तसा तपासत जायचा, म्हणून त्याचं नाव पडलं कारकून. वास सापडला की खाली बसायचा आणि तुम्ही खाऊ देईपर्यंत जागचा हलायचा नाही.

माझी नजर हटकून नेमक्या खोक्याकडे जायची, आणि माझं लबाड कुत्रं माझ्या तोंडाकडे बघून उत्तर काढायचं.

“बाई, परीक्षेतसुद्धा पोरांना अशाच खुणा करत होतात का?” तुम्ही विचारलंत. अख्खी शेड हसली. “दोरी सैल सोडा. नाक त्याचं आहे, तुमचं नाही.”

मी चिडले होते. तुमचं बरोबर होतं.

मग तुमच्या घरी वहिनींचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग शब्द, मग घर. दोनदा त्या निघून गेल्या. दोन्ही वेळा फाटकातून उजवीकडे, जिथे पूर्वी शिवण शिकवायच्या त्या शाळेच्या दारात सापडल्या. पुन्हा गेल्या तर वेळेत सापडल्या पाहिजेत, या एका गोष्टीनं तुमची झोप उडाली. त्यांच्या उशीच्या अभ्र्याचे तुकडे कापून तुम्ही काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवलेत आणि कारकुनाला लवंगेऐवजी त्यांचा वास द्यायला लागलात. त्यांना घेऊन लपायचं काम माझ्याकडे. लॉन्ड्रीच्या मागे, कुणाच्या तरी जिन्याखाली, बंद दुकानाच्या ओट्यावर.

“आज मी हरवायचं ना?” त्या उत्साहानं विचारायच्या.

कारकून येऊन पुढ्यात बसला की टाळ्या वाजवायच्या. एकदा तुम्हालाच म्हणाल्या, “केवढा उशीर! मला वाटलं, जेवायला गेलात मला सोडून.” तुम्ही हसलात आणि उगाचच चष्मा पुसत राहिलात.

त्या दुपारी तुम्ही स्टुलावर चढून दिवा बदलत होतात. उतरलात तर दार उघडं. कुंपणावरून मला हाक मारलीत, मी चपला उलट्यासुलट्या घालून आले. बरणी उघडून तुम्ही कारकुनाच्या नाकाशी धरलीत. फाटकाशी तो क्षणभर थांबला, जमिनीला नाक लावलं आणि डावीकडे वळला. पाणीपुरवठ्याच्या जुन्या तळ्याच्या रस्त्याला.

“अरे, तिकडे कुठे? इकडे!” तुम्ही दोरी ओढलीत. त्यानं चारही पाय रोवले. तुम्ही पुन्हा ओढलीत. तुम्ही, मास्तर! आणि मी शहाणी काय म्हणाले? “शाळेकडेच गेल्या असतील. चला लवकर.” तो खाली बसला, तर तुम्ही त्याला फरफटत नेलंत.

शाळा, शाळेमागचं मैदान, बाजार. दोन तास. परत येऊन तळ्याकडे गेलो तेव्हा तिथल्या पंपावरच्या माणसांनी वहिनींना पाण्यातून बाहेर काढून पायऱ्यांवर निजवलं होतं. अंगावर कुणीतरी सतरंजी टाकली होती. पंपवाला म्हणाला, बराच वेळ त्या पायरीवर नुसत्या बसून होत्या, त्याला वाटलं कुणाची तरी वाट बघताहेत. कारकून सतरंजीशी जाऊन बसला. त्याला खाऊ द्यायचं कुणाला सुचणार?

वर्ग बंद झाला. लोक तुम्हाला म्हणाले, नशीब. मी तसं म्हणाले नाही, पण दुसरंही काही म्हणाले नाही. कारकुनानं शोधणं सोडलं. फाटकाबाहेर आलात की तो तुमच्या हाताकडे बघत उभा राहायचा, तुम्ही न्याल तिकडे निमूट यायचा. एवढा आज्ञाधारक कुत्रा बघून शेजारी कौतुक करायचे. तुम्हाला ते बघवत नव्हतं.

“बाई, त्याचं बरोबर होतं, हे त्याला अजून कुणी सांगितलेलंच नाही,” एका सोमवारी तुम्ही म्हणालात. “मी बोलून त्याला काय कळणार? तुम्ही अभ्र्याचा तुकडा तळ्याच्या एखाद्या पायरीवर ठेवून या, कुठल्या ते मला सांगू नका. मी ठेवला तर माझा हात दोरीतून चुगली करेल. मी फाटकाशी दोरी सैल सोडतो. जाऊ दे डावीकडे. तिथे बसला की पोटभर खाऊ देईन.”

“पुढच्या आठवड्यात जाऊ. गुडघा धरलाय माझा,” मी म्हणाले.

गुडघा ठीक होता, मास्तर. मला त्या पायऱ्या उतरायच्या नव्हत्या. तुम्ही “बरं” म्हणालात आणि गुरुवारी सकाळी खुर्चीतच गेलात.

कारकून आता माझ्याकडे असतो. बरणीत तीन तुकडे उरलेत आणि झाकण अजून घट्ट आहे. काल त्याला फिरायला काढलं. तुमच्या फाटकाशी तो थांबला, माझ्या हाताकडे बघू लागला. मी त्याला उजवीकडे नेलं.