गव्हाच्या डब्यातले कानबाईचे गहू

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी मोरी घासत होते आणि पलंगावर, खुर्चीवर, टीव्हीवर सगळीकडे कपडे पडले होते. पडले म्हणजे घडी घालायला काढले होते. घडी घालताना पोरीच्या फ्रॉकचं बटण तुटलेलं दिसलं, म्हणून सुई शोधायला उठले. सुईचा डबा कपाटावर. कपाटावर जाळं दिसलं. जाळं काढायला झाडू पाहिजे, झाडू मोरीत, आणि मोरीत गेल्यावर वाटलं, किती घाण झालीये ही. बसले घासत. सकाळपासून मी एक मिनिट टेकले नव्हते आणि घर सकाळी होतं त्याहून वाईट दिसत होतं. हे माझं रोजचं आहे.

सासूबाई म्हणाल्या, यंदा गावी जेठांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, घराचं बांधकाम चालू आहे, कानबाई सुरतेला तुमच्याकडे बसवू. मला आनंद झाला. मग भीती वाटली. मग दोन्ही एकदम.

कानबाई आमच्या खानदेशातली देवी. श्रावणात येते. ती यायच्या आधी घर नुसतं झाडून चालत नाही. गोधड्या, चादरी, पडदे, डब्यांखालचे कागद, सगळं धुऊन, पुसून, बदलून घ्यायचं. घरात एकही मळकं फडकं राहता कामा नये. ज्या बाईला साधा पलंग मोकळा ठेवता येत नाही, तिच्याकडे कानबाई!

फोन ठेवता ठेवता सासूबाई हसत बोलल्या, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. "मागल्या बारीले पाह्यं मी. घर शे का गोडाऊन? आते बी तसंच दिसनं, तर पोरले मी गावले लई जासू. तठे शिकी ती."

पोर आठ वर्षांची. तिच्याशिवाय हे घर कसं असेल, हे मी मनात आणायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधी सांगते. मी सातवीतून शाळा सोडलेली. मास्तर मला उभं करून विचारायचे, मी खिडकीतून आत यायचे तोवर प्रश्न निघून गेलेला असायचा. "मठ्ठ आहे" असं घरी सांगितलं गेलं आणि ते खरंच असणार असं मीही धरून चालले. अशी मुलगी त्यांनी सून म्हणून घेतली, कधी शिक्षणावरून टोमणा मारला नाही. पोरीचे पप्पा सुरतेबाहेर सचिन भागात लूमवर कामाला आहेत, मी भेस्तानच्या खोलीत बसून साड्यांवर स्टोन चिकटवते. मार्केटातून गाठोडी येतात, तयार होऊन जातात. इतक्या वर्षांत परक्याची एक साडी माझ्याकडून हरवली नाही. घरातले मोजे मात्र आठवड्याला हरवतात. पप्पा म्हणतात, "मोज्यांना पण स्टोन लाव, म्हणजे सापडतील."

आता दोन वर्षं झाली, पोरीच्या शाळेतल्या बेननी, म्हणजे बाईंनी, बोलावलं होतं. पोरगी वर्गात बसत नाही, अर्धं लिहून उठते. त्यांनीच सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरणीकडे पाठवलं. डॉक्टरणबाईंनी पोरीला बरंच काय काय करायला लावलं, आणि मग पेन खाली ठेवून मलाच विचारलं, "तुमचं लहानपणी कसं होतं?" मी सांगत गेले. मध्ये दोनदा विषय सोडून भलतीकडे गेले. त्या हसल्या. म्हणाल्या, पोरीला एडीएचडी आहे, आणि मला वाटतं तुम्हालाही आहे.

इतकी वर्षं ज्याला मी "मी" म्हणत होते त्याला नाव निघालं. बरं वाटलं का? वाटलं. पण घरी येताना रिक्षात दुसराच घोळ सुरू झाला. आता दूध उतू गेलं तर ते आजारामुळे की माझ्यामुळे? आधी निदान शिव्या कोणाला द्यायच्या ते माहीत होतं. त्यांनी मला गोळी लिहून दिली. ती रोज सकाळी घ्यायची आठवण ठेवायची, आणि आठवण राहावी म्हणूनच तर ती गोळी. हे पप्पांना सांगितलं तर ते इतके हसले की मीही हसले.

घरासाठी डॉक्टरणबाईंनी एक सोपा नियम दिला होता. जागा ठरवायला बसू नका, नुसतं एकसारखं एका ठिकाणी टाका. चमचे चमच्यांत, औषधं औषधांत, पोरीचं पोरीच्यात. बंद कपाट नको, उघडे डबे, भिंतीला खुंट्या. हा नियम मला एकदम पटला. फोन आल्यावर पप्पांनी खुंट्या ठोकून दिल्या, आणि मी त्याच नियमाला धरून कामाला लागले. श्रावणातलं ओलं हवामान, गोधड्या वाळेनात. समोरच्या ओडिशाच्या वहिनींनी त्यांच्या गॅलरीतली दोरी दिली, वर म्हणाल्या, "भाभी, आप धोते रहो, मैं पलटती रहूँगी." त्या नसत्या तर माझ्या गोधड्या अजून ओल्या असत्या.

सासूबाई आठवडाभर आधी आल्या. दारात उभं राहून त्यांनी पाहिलं. खुंट्या पाहिल्या, डबे पाहिले. मग पिशवीतून नवीन फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. जेठांच्या शेतातले गहू. कानबाईच्या रोटांसाठी. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात, आणि ते फक्त भाऊबंदांतच खायचे. लग्न झालेल्या लेकीलाही देत नाहीत, बाहेरच्याची तर गोष्टच नको.

"संभाळीसन ठेव, बरं का," त्या म्हणाल्या.

मी सांभाळून ठेवलं. खरंच.

शनिवारी दळण द्यायचं होतं. इकडे गिरणीला घंटी म्हणतात. त्या दिवशी सकाळी घंटीवाला पहिल्यांदा घंटी धुऊन आमच्या लोकांचं रोटांचं दळण घेतो. सासूबाई पदर खोचून म्हणाल्या, "गहू दे."

मी फळीवर पाहिलं. देव्हाऱ्याखाली पाहिलं. साड्यांच्या गाठोड्यांत हात घातला. खुंट्यांवरच्या पिशव्या एकेक करून खाली आल्या. पलंग पुन्हा भरला. ज्या घरासाठी मी आठवडाभर राबले ते सासूबाईंच्या डोळ्यांदेखत पुन्हा तसंच झालं, आणि ते मीच करत होते, माझ्या हातांनी.

मग एका खुंटीवर मला ते नवीन फडकं दिसलं. स्वच्छ धुतलेलं, वाळलेलं, इतर फडक्यांच्या सोबत.

तेव्हा आठवलं. बुधवारी मी डबे पुसत होते. फडक्यातले गहू दिसले. एकसारखं एका ठिकाणी. गहू गव्हाच्या डब्यात ओतले, फडकं धुऊन फडक्यांत टाकलं, आणि किती छान जमतंय आपल्याला असं मनात म्हटलं. गुरुवारी त्याच डब्यातलं दळण आणलं. दोन दिवस त्याच्या पोळ्या खाल्ल्या.

"आत्याबाई," मी म्हटलं आणि ते फडकं सासूबाईंपुढे धरलं.

पोरीने सांगितलं. तिला सगळं आठवतं, माझं तर जास्तच. "आजी, आईने डब्यात टाकले. मी पाहिलं होतं. मला वाटलं तसंच करतात. आणि समोरच्या काकूंना पण दिल्या ना पोळ्या, दोरी दिली म्हणून."

"परक्या माणसांनी बी खाध्यात?" सासूबाई कपाळावर हात मारून पलंगावर बसल्या. बसायला जागा नव्हती, माझ्या साड्यांवरच बसल्या.

मला वाटलं आता गेली पोर. मी माफी मागत होते आणि मध्येच वाटत होतं, मागू कशाबद्दल? निष्काळजी म्हणून? पण मी तर काळजीने केलं होतं. इतक्या काळजीने मी त्या आठवड्यात दुसरं काहीच केलं नव्हतं.

सासूबाईंनी जेठांना फोन लावला. बराच वेळ नुसतं "हं, हं" चाललं. मग उठून पोरीच्या पप्पांना म्हणाल्या, "जाय, नवा गहू लय." पप्पांनी नवा गहू आणला आणि स्वच्छ अंघोळ करून पाटावर बसले. सासूबाई एकेक नाव घेत गेल्या, जेठांचं, पुतण्यांचं, कडोदऱ्याच्या चुलतभावांचं, आणि पप्पा सगळ्यांच्या नावाने मूठ भरत गेले. हे चालतं का? मी विचारलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं. त्या नावं घेताना मध्येच थांबायच्या आणि देव्हाऱ्याकडे बघायच्या.

कानबाई आली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी तापीत विसर्जन झालं. रोट चांगले झाले होते. मंगळवारी सासूबाई निघायच्या होत्या. म्हणाल्या, "पोरना कपडा भर."

मी भरले. कपडे सगळे एका जागी होते, भरायला वेळही लागला नाही. पोरगी पिशवीकडे बघत होती. आजीने तिला जवळ घेतलं. "येस ना मनासंगे? तठे मोठं आंगण शे."

पोर म्हणाली, "येईन. पण मग आईला वस्तू कोण सांगणार कुठे आहेत? आणि गोळी?"

"हाई पोर शे का मायनी माय?" सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता की दुसरं काही, मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी पिशवी उघडली, पोरीचे कपडे काढून पलंगावर ठेवले, आणि पप्पांच्या मागे खाली उतरल्या. जाताना एवढंच बोलल्या, "दिवाळीले मी परत येसू. तवपावत पाहू."

पोर राहिली. मी देवीचे, सासूबाईंचे, समोरच्या वहिनींचे, सगळ्यांचे मनातून पाय धरले. आणि तरी सुखाने बसता येईना. ती राहिली ते मी आई म्हणून पुरी पडते म्हणून नाही. मी पुरी पडत नाही म्हणून राहिली. आठ वर्षांच्या लेकराने आईच्या गोळीची आठवण ठेवायची, ह्याला घर नीट चाललंय म्हणायचं का? मग ती गेली असती तर ते बरं झालं असतं का? नाही, ते तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा टाय सापडेना. पोरीने दप्तर खाली ठेवलं आणि सवयीने माझ्या आधी शोधायला वाकली.

"तू नको," मी म्हटलं. "तू बूट घाल. मी शोधते."

"तुला नाही सापडणार, आई."

"नाही सापडला तर तुझ्या बेनना मी येऊन सांगेन. तू बूट घाल."

खाली रिक्षावाला ओरडायला लागला होता. मी पलंगाखाली हात घातला.