साडूंचे दिवे

जगात कुठेही एखादा बारीकसा दिवा लुकलुकत असला, की आमचे साडू त्याच्यासमोर उभे राहिलेच म्हणून समजावं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. मूळचे वर्ध्याकडचे, पण बिबवेवाडीत इतकी वर्षं काढलीत की रिक्षावाल्याशी वाद घालताना अस्सल पुणेरी वाटतात. आमच्या कर्वेनगरच्या घरी आले की चपला काढतात आणि पहिल्यांदा इन्व्हर्टरपाशी वाकतात. मग टीव्हीचा डबा, मग इंटरनेटचा. या मंडळींची विचारपूस झाली की मग आमची. एकदा बायको तापाने पडली होती. हे आले, बाहेरच्या खोलीत जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तब्येत काही ठीक दिसत नाही." निदान कुणीतरी विचारलं, म्हणून आत तिला भरून आलं. ते पाण्याच्या फिल्टरबद्दल बोलत होते.

आम्ही दोघे एकाच कॉलेजात नोकरीला. मी परीक्षा विभागात, ते सर्व्हरच्या खोलीत. मुलांचे गुण, फी, हजेरी, सगळं ज्यांच्या पोटात असतं ती कपाटाएवढी यंत्रं त्या खोलीत रात्रंदिवस घोंघावत असतात आणि खोली कायम गार ठेवावी लागते. त्यामुळे साडू भर मे महिन्यातही स्वेटर घालून ऑफिसला जातात आणि बसस्टॉपवरची माणसं त्यांच्यापासून थोडी लांब उभी राहतात. यंत्रांच्या तोंडावर बारीक बारीक दिव्यांच्या ओळी. कुठला पंखा थकलाय, कुठली डिस्क आजारी पडलीय, हे ते दिवे सांगतात. साडू त्यांच्यासमोर हात मागे बांधून, मान किंचित कलती करून उभे राहायचे. कुणी म्हणालं, "सर, तो लाल झालाय बहुतेक," की म्हणायचे, "रंगावर जाऊ नका, चालीवर जा." चालीचं त्यांचं मोठं शास्त्र होतं. एकसारखा जळणारा दिवा म्हणजे समाधानी गृहस्थ. सावकाश उघडझाप करणारा म्हणजे डुलकी लागलेला. भराभर फडफडणारा कामात आहे, त्याला हाक मारू नये. आणि दोनदा लुकलुकून जो दम घेतो, त्याचं काहीतरी दुखतंय. जेवताना ही चाल ते ताटाच्या कडेवर बोटांनी वाजवून दाखवायचे आणि आमटी गार व्हायची.

हे शास्त्र खोटं नव्हतं. नात्यातल्या एका साखरपुड्याला ते आल्या आल्या हॉलच्या बॅटरीसमोर जाऊन उभे राहिले आणि मॅनेजरला म्हणाले की ही काही पंगतीपर्यंत टिकत नाही. मॅनेजरने विचारलं, "आपण मुलीकडचे, की वीजमंडळाकडचे?" साडू निमूट येऊन खुर्चीवर बसले. ऐन अंगठी घालताना वीज गेली. बॅटरीने एकदा डोळा मिचकावला आणि तीही गेली. दुसरा कुणी असता तर अंधारात मॅनेजरला शोधत फिरला असता. साडूंनी हातातली जिलबी शांतपणे संपवली.

बाकी व्यवहारात मात्र आनंदी आनंद. मेहुणीने हौसेने घेतलेल्या हिरव्यागार पैठणीला ते भर मांडवात म्हणाले, "हा चॉकलेटी तुला शोभतो." मंडईतून आणलेले टोमॅटो निम्मे कच्चे. स्वेटर तपकिरी आहे असं त्यांचं ठाम मत, आणि तो हिरवा. नवरे असेच असतात, असं म्हणून आमच्या सासुरवाडीने हा विषय कधीच मिटवून टाकला होता. मीही त्यात सामील होतो, कारण मला स्वतःला आकाशी आणि मोरपंखी यांत फरक करता येत नाही.

मग कॉलेजात नवा सर्व्हर आला. देखणा, सडपातळ, आणि साडूंना पहिल्या दिवसापासून न आवडलेला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "फार अबोल आहे." त्यात प्रत्येक डिस्कला एकच दिवा होता. डिस्क धडधाकट असली की हिरवा, आजारी पडली की नारिंगी, आणि दोन्ही वेळा एकसारखा, न लुकलुकता.

निकाल विद्यापीठाकडे पाठवायचे होते त्या आठवड्यात दुपारी त्यांचा फोन आला. "जरा चहाला या." मी गेलो तर चहा नव्हता. नवा सर्व्हर पिपाणीसारखा बारीक आवाज काढत होता आणि त्या गारठ्यात साडूंच्या कपाळावर घाम होता. एक डिस्क गेली होती. एक गेली तरी यंत्र बाकीच्यांच्या जोरावर तग धरतं, पण आजारी सोडून चुकून चांगली उपसली तर सगळ्या मुलांचे गुण गेले. पडद्यावर डिस्कचा नंबर दिसत होता, पण मोजणी शून्यापासून की एकापासून, याबद्दल माहितीपुस्तक एक सांगत होतं आणि यंत्रावरचा स्टिकर दुसरं. नवी डिस्क त्यांच्या हातात होती.

"पाहा बरं, भाऊ," ते म्हणाले. "यातला कोणता वेगळा वाटतो?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मी बोट ठेवलं. "हा काय. नारिंगी."

"नक्की?"

"अहो, ढळढळीत दिसतोय."

त्यांनी माझं बोट तिथून हलू दिलं नाही. दुसऱ्या हाताने खटका दाबून ती डिस्क ओढली आणि नवी बसवली. आवाज थांबला. थोड्या वेळाने नव्या डिस्कचा दिवा, माहिती भरून घेताना तेवढाच फडफडतो तसा, फडफडू लागला, तेव्हा कुठे त्यांचे खांदे खाली आले. "आता कामाला लागली," ते म्हणाले. "भरेल उद्यापर्यंत."

नंतर कँटीनमध्ये खराखुरा चहा घेताना त्यांनी सांगितलं. त्यांना रेल्वेत इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं. नागपूरला डोळे तपासताना डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके. म्हणाले, यातला आकडा वाचा. यांनी विचारलं, कोणता आकडा? डॉक्टरांनी आणखी दोन पानं उलटली आणि पुस्तक मिटलं. हिरवा, तांबडा, नारिंगी, हे सगळे त्यांच्या डोळ्यांना एकाच घरातले वाटतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. घरी त्यांनी सांगितलं की परीक्षेत नापास झालो. डोळ्यांत खोट आहे म्हणण्यापेक्षा ढ ठरलेलं त्यांना बरं वाटलं. त्यानंतर त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. दिव्यांची चाल ते शिकले, कारण दुसरा इलाज नव्हता.

तेव्हापासून मी कॉलेजचा बिनपगारी रंगतज्ज्ञ झालो. फोन यायचा, "चहाला या," आणि मी निघायचो. आमच्या विभागातल्या लोकांना वाटायचं, साडूसाडूंचं काय प्रेम आहे. मी खोलीत जायचो, नवा सर्व्हर पाहायचो, "सगळे हिरवे," म्हणायचो आणि परत यायचो. खरं सांगायचं तर मला हे काम आवडायला लागलं होतं. परीक्षा विभागात माझ्या मताला एवढी किंमत कधीच नव्हती.

अडचण अशी झाली की मी निवृत्त व्हायला आलो. साडू अस्वस्थ झाले. लायब्ररीत बदली मागू का, असं मला विचारू लागले. मी म्हटलं, तुमच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या मॅडमना सांगून टाका. त्यावर त्यांनी मान हलवली, पण ती होकारार्थी की नकारार्थी, ते मला कळलं नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी निरोपाचा नारळ आणि शाल घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. ते नव्या सर्व्हरसमोरच उभे होते. मी सवयीने पुढे झालो. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि मागे वळून म्हणाले, "मॅडम, मला हिरवा आणि नारिंगी वेगळा दिसत नाही. जन्मापासूनच. जरा पाहून सांगता का?"

मॅडम उठल्या, वाकून पाहिलं. "सगळे ग्रीन आहेत सर," म्हणाल्या, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन टाइप करू लागल्या. झालं. मी शाल सावरत उगीच उभा राहिलो.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले आणि आम्ही दोघे नदीच्या बाजूला फिरायला गेलो. जरा नाराज दिसत होते. त्यांनी घरीही सांगून टाकलं होतं. दोन दिवस शब्दांची जुळवाजुळव करून, मेहुणीला समोर बसवून. ती म्हणाली, "माहीत आहे. हात धुऊन घ्या, पानं वाढलीत." पैठणीच्या दिवसापासूनच तिला ठाऊक होतं. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"कुणाला काही वाटलंच नाही, भाऊ," ते म्हणाले. इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट कुणी साधी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलीही नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटत होतं. मी हसलो. तेही हसले.

पुलाजवळ आल्यावर ते म्हणाले, "वडिलांना मात्र सांगायचं राहिलं. ते जाईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोरगा हुशार आहे हो, त्या दिवशी पेपरच अवघड निघाला."