बेटम्याच्या सासूबाई आणि लाकडी जपानी टीव्ही

आधीच सांगून ठेवतो, मी वायरमन माणूस. भूत, करणी, नजर ह्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जिथं करंट नाही तिथं काहीच नाही, हे माझं तत्त्वज्ञान. आणि नेमकं तिथंच माझं नाक कापलं गेलं...

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमच्या दोन खोल्या. मी मिलमध्ये चौदा वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. मिल बंद पडली आणि मी घरी बसलो. तेव्हा बाजारात रोज नवीन टीव्ही येत होते, केबलवाले गच्चीगच्चीवर वायरी टाकत फिरत होते, आणि लोक जुने जपानी कलर सेट कबाड्याला देत होते. माझा जीव तुटायचा हो! काय ते काम, काय ते सोल्डरिंग! मी उचलून आणायला लागलो. असे सात सेट जमले. बायको, सुनंदा, म्हणायची, "सातही बंद, आणि आठवे तुम्ही."

सातवा सेट म्हणजे राजा. लाकडी पेटी, चार पाय, समोर सरकतं दार. तुकोगंजच्या एका डॉक्टरांच्या भावाने थेट जपानहून आणलेला. जपानात घरातली वीज शंभर व्होल्टची. डॉक्टरसाहेबांनी आपल्या दोनशेतीसमध्ये घुसवला... धाड! मी त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, जळलेलं सगळं बदललं, आठ महिने डोकं फोडलं. ढिम्म! आणि चालू झाला असता तरी जपानची रंगाची पद्धत वेगळी, आपली वेगळी. आपल्या दूरदर्शनचे रंग त्यावर ह्या जन्मात दिसणार नव्हते, हे मला चांगलं माहीत होतं. तरी सोडवेना.

अशात एका रविवारी सकाळी सासूबाई बेटम्याहून आल्या. चहासुद्धा न घेता म्हणाल्या, "जावईबापू, सुनंदाला आणि माझ्या नातीला, पिंकीला, घेऊन जाते. तुमचं काही ठिकाणावर आलं की आणून सोडीन." कोपऱ्यात सुनंदाची बॅग भरून तयार होती. बस दोन वाजता.

काय बोलणार? कमाई नाही, घरात बसायला जागा नाही, सगळीकडे टीव्ही. मी आपला पेचकस घेऊन त्या सेटच्या मागे तोंड लपवून बसलो.

सासूबाईंना बसायला जागा एकच होती, सेटच्या पुढचा स्टूल. त्या टेकल्या आणि सुरू झाल्या, "मिलवाला म्हणून पोरगी दिली, आणि हा निघाला कबाडी..."

आणि सेट लागला!

शेतीचा कार्यक्रम चालू होता. हिरवंगार शेत, एक काका टोपली घेऊन उभे, आणि टोपलीत लालबुंद टमाटे. रंगीत! सासूबाई बोलणं विसरल्या. "अगं बाई, केवढे लाल!" म्हणून सुनंदाला बोलवायला उठल्या, तर सेट बंद. परत बसल्या, चालू.

मी ओरडलोच. शेजारचा कैलास धावत आला. "क्या हुआ भिया, करंट लगा क्या?" त्याला स्टूलवर बसवलं. अंधार. पिंकीला बसवलं, सुनंदाला बसवलं, मी स्वतः बसलो. अंधार! सासूबाईंच्या चपला स्टूलवर ठेवून पाहिल्या, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने उचलल्या. त्या बसल्या की मात्र रंगीत, स्वच्छ, आवाजासकट. कैलास हात जोडून म्हणाला, "भिया, अपनी समझ से तो बाहर है."

मी तर नाचत होतो. नाचता नाचता खिशात काहीतरी टोचलं म्हणून हात घातला, तर चिनीमातीचा फ्यूज!

मिलमध्ये आमचा नियमच होता — लाईनवर काम करायचं तर फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी शहाणा लाईन चालू करत नाही. हात त्या सवयीचे. सकाळी मी सेट ज्या बोर्डाला जोडला होता, त्याचा फ्यूज काढून खिशात टाकला होता. म्हणजे त्या सेटला वीजच नव्हती... आणि समोर सासूबाई टमाटे बघत होत्या.

मी फ्यूज परत खिशात टाकला. सांगावं की नाही? मी खोटं बोललो नाही हं, नुसता गप्प बसलो. नवरे मंडळी समजून घेतील.

दोनची बस गेली. सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळी पिच्चर आहे म्हणे. मंगळवारी नेते पोरीला." कैलासने गल्लीभर सांगितलं, भियाने जपानी सेट सुधार दिया. सोमवारी दारात तीन लोक आपापले सेट घेऊन उभे!

पण मला खात होतं. वायरमन असून विजेशिवाय टीव्ही चालवतोय, ही काय इज्जत? सोमवारी दुपारी मी हळूच फ्यूज लावला. सेट मेला. सासूबाई समोर बसलेल्या असूनही! फ्यूज काढला, चालू. आता बोला!

मंगळवारी बॅग परत दाराशी आली. मला राहवेना. फ्यूज तळहातावर धरून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सासूबाई, मी काहीच दुरुस्त केलेलं नाही. ह्याला वीजच नाही. कसा चालतो, देवाशपथ मला माहीत नाही."

सासूबाईंनी पान तोंडात सरकवलं. "चालतोय ना? मग कशाला उकरता?" आणि सुनंदाकडे वळल्या, "चल गं, बस निघेल."

सुनंदाने बॅग उचलली. ती बॅग घेऊन आत गेली, पलंगाखाली ढकलली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आई, तू जा. मी नाही येत."

सासूबाई एकट्याच गेल्या. सेट त्या दिवसापासून बंद. नंतर त्या कितीदा आल्या, समोर बसल्या, रागावल्यासुद्धा. काही उपयोग नाही. त्या तीन लोकांचे सेट मात्र मी सुधारून दिले, आणि त्यावरच पुढे दुकान उभं राहिलं. ह्या धंद्यात मी शेकडो सेट खोलले. जाणकारांना विचारलं, ते हसतात. त्या तीन दिवसांचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

परवा सुनंदाला विचारलं, "त्या दिवशी तो टीव्ही लागला नसता, तर गेली असतीस ना?"

ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी टीव्हीकडे बघतच नव्हते हो. मिल बंद झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही हसत होतात, ते बघत होते."