बटन बंद केल्यावरचा उजेड

बाबांच्या तेरवीला पंधरा दिवस झाले आणि आईचा फोन आला. "तुहे बाबा मधल्या खोलीत येऊन बसतात वं."

मी मेहकरला राहते, माहेर जानेफळचं. मिक्सर, इस्त्री, कूलरची मोटर, काहीही बिघडलं की शेजारणी माझ्याकडे घेऊन येतात. सगळं बाबांनी शिकवलेलं. भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकंच फिरतं. "आई, काहीतरीच काय!" म्हणत फोन ठेवला खरा, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले. पिशवीत टेस्टर आणि पेचकस टाकले होते, सवयीनं.

मधल्या खोलीला खिडकी नाही, भर दुपारीही तिथं अंधार. आईनं दार ओढून घेतलं, बटन बंद केलं. म्हणाली, "आता पाह्य."

भिंतीवरचा बल्ब विझला. अंधाराला डोळे सरावले तसा माझ्या अंगावर काटा आला. बल्ब पुरता विझलाच नव्हता. आत निळसर, दुधाळ उजेड तसाच होता, बाबांची रिकामी खाट दिसेल एवढा.

"थे होते तवा झालं का कधी असं?" आई म्हणाली. "आन् हात लावला का हात धरतात." ती स्टुलावर चढली आणि पितळी होल्डरवर बोटं टेकवली. "हे पाह्य. मुंग्या येतात."

"आई! उतर खाली!" मी अशी किंचाळले की ती डगमगलीच.

टेस्टर लावला. बटन बंद, तरी होल्डरवर टेस्टर पेटला. त्या घराचं फिटिंग बाबांनी स्वतःच केलेलं. बटनानं करंटची वायर तुटायला हवी होती, तुटत होती दुसरीच, न्यूट्रलची. म्हणजे बटन बंद केलं तरी करंट होल्डरपर्यंत हजर, आणि होल्डर जुना झाल्यानं थोडा पितळेतही उतरलेला. जुन्या पिवळ्या बल्बला एवढ्यातेवढ्यानं फरक पडत नव्हता. तेरवीच्या दिवशी तो उडाला म्हणून मीच एलईडी लावला होता, आणि त्याला चिमूटभर करंटही पुरतो. बाबांना तिथं आणून बसवलं होतं ते मी.

दिवाळीची झाडझूड तोंडावर आली होती. आई ओलं फडकं घेऊन तो होल्डर पुसायला चढली असती.

"बाबांची वायर चुकली आहे, दुसरं काही नाही," मी म्हटलं.

"त्याईचीच हाये ना? मंग राहू दे."

"अगं, करंट लागून मरशील!"

"मंग काय होते?"

हे ती इतक्या सहज बोलली की त्या उजेडापेक्षा मला तिचीच जास्त भीती वाटली. "आणि मी? मी कोणाकडे येऊ मग?" मला रडूच फुटलं. आई खाटेवर जाऊन बसली.

दुकानातून प्लास्टिकचा होल्डर आणला. मेन बंद केला, बोर्ड उघडला. आत दोन्ही वायरी काळ्याच. करंटची कोणती ते ओळखायला म्हणून बाबांनी एकीला पूजेचा लाल दोरा बांधलेला, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. नेमका चुकीच्या वायरीला. कापायला हात होईना, नखानं सोडवला आणि बरोबर वायरीला बांधला. त्यांच्यासारखेच दोन वेढे दिले. तीच वायर बटनाला जोडली, नवा होल्डर बसवला.

मेन चालू केला. बल्ब लागला. दार ओढून घेऊन बटन बंद केलं. मिट्ट काळोख. खाट नाही, आई नाही, काहीच दिसेना.

"झालं बघ," मी म्हटलं.

खाटेच्या बाजूनं आई हळूच म्हणाली, "चौघं त्याईले घेऊन गेले तवा तुले वेशीच्या पुढं येऊ देलं नोतं. आज तू एकटीनंच नेलं."