दांडीवरच्या खुणा

संगमनेरच्या स्टँडसमोर एका चष्मेवाल्यांचं दुकान होतं. नव्वदीच्या सुरुवातीला माझं तिथं वरचेवर जाणं व्हायचं. जुने परदेशी गॉगल जमवायचा त्यांना नाद. कुणी गॉगल विकायला आणला, की ते माणसाकडं बघायच्या आधी भिंगातून दांडीच्या आत छापलेला कंपनीचा नंबर बघायचे. नंबर पुसट असला, तर "संपलं!" म्हणून गॉगल परत सारायचे. नंबर अस्सल निघाला, तरी काचेवर ओरखडा दिसला की चुकचुकायचे. समोरच्याला काय वाटेल, याचा विचारच नाही. मला ते खटकायचं.

एकदा एक बाई नवऱ्याचा गॉगल घेऊन आल्या. नवरा लष्करात जीप चालवायचा, नुकताच वारला होता. नंबर बघताच चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला.

"अस्सल हाय! लई वर्षं शोधतोय मी हा."

मग त्यांचं बोट दांडीच्या टोकाशी थांबलं.

"पन ह्या खुनांनी किंमत उतरती. कशाच्या म्हनायच्या ह्या?"

"दातांच्या," बाई म्हणाल्या. "इचारात असले की दांडी चावायचे ते." आणि त्या खुणांवरून त्यांनी हळूच अंगठा फिरवला.

चष्मेवाल्यांनी ढिला स्क्रू आवळला, काचा पुसल्या आणि गॉगल बाईंच्या हातात दिला.

"घरी न्या, ताई. मी ठिवला, तर पयल्यांदा ह्या खुनाच घासून काढीन."

बाईंनी तो तिथंच डोळ्यांवर चढवला. मोठा होत होता. एका हातानं सावरत त्या उन्हात उतरल्या.