शबानाचे स्फटिक

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण तुम्ही शबानाला ओळखत नाही.

आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो. शरीरात विषाणू शिरला की सगळ्यांत आधी हाक देणारं एक प्रथिन असतं. त्याची रचना आम्हाला शोधायची होती. त्यासाठी आधी त्याचे स्फटिक व्हावे लागतात, मगच त्यांच्यावर क्ष-किरण सोडता येतात. आणि स्फटिक काही होत नव्हते. त्या प्रथिनाच्या द्रावणाचे किती थेंब लावले, किती फेकले —

शबाना गडहिंग्लजची. घरी लग्नाचं बघत होते. यंदा स्फटिक जमले तर पुढं शिकते, नाहीतर परत येते, असं ती वडिलांना कबूल करून आली होती. हे मला माहीत होतं. तेव्हाही.

एका दुपारी तिनं मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. तिच्या थेंबात बारीक, लखलखीत खडे. पण द्रावणातल्या मिठाचेही हुबेहूब तसेच होतात. ती म्हणाली, "तूच बघ की गं. तुझा हात हलका आहे."

मी सुई टेकवली. मीठ असतं तर टणक लागलं असतं. तो खडा अलगद चुरला. प्रथिन होतं. मला कळलं — त्याच क्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले?

"मीठ आहे."

का? ते आधी माझ्या थेंबात यायला हवे होते. एवढंच.

तिनं दुसऱ्यांदा विचारलंही नाही. आठवडाभरात सामान बांधलं. एसटीत मीच बसवून दिलं तिला. मग तिचंच द्रावण मी पुन्हा लावलं. स्फटिक आले, रचना मिळाली, नाव झालं, नोकरी लागली. तिचा फोन आला. रडत होती — आनंदानं.

यंदा गडहिंग्लजला तिच्या घरी गेले. तिची मुलगी दहावी झालेली, सायन्सला जायचं म्हणत होती. शबानानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"नको बाळा. त्याला हात लागतो, आपल्यात न्हाय तो. मी करून बघितलंय. मावशीला विचार पाहिजे तर."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

मी होकारार्थी मान हलवली. चहा संपवला आणि निघाले.